रिव्ह्यू: ‘आशा आणि पवित्र जीवन’ वीकेंड रिट्रीट, वसई

आधीच सांगून टाकते, ही रिट्रीट (प्रार्थना-चिंतनाचं निवासी शिबिर) करा. वसई-विरार पट्ट्यातल्या आपल्या कॅथलिक लोकांसाठी लिहितेय पण इतर कोणी वाचलं तरी चालेल. शुक्रवारी संध्याकाळी पोचायचं, रविवारी दुपारी जेवून निघायचं, राहणं-खाणं धरून माणशी १५०० रुपये, सगळं मराठीत. २०२५ च्या ज्युबिली वर्षाचा (चर्चच्या खास पवित्र वर्षाचा) विषय ‘आशेचे यात्रेकरू’ होता ना, तेव्हा ही सुरू झाली, आणि ज्युबिली संपली तरी लोक विचारत राहिले म्हणून चालू ठेवलीय. सेंटरचं नाव टाकत नाही कारण टीम एका जागी बांधलेली नाही, कधी इथे कधी तिथे घेतात, तेव्हा रिव्ह्यू रिट्रीटचा समजा, बिल्डिंगचा नाही. तुमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) ऑफिसात विचारलं की पुढची तारीख कळते.

मला सगळ्यात जास्त काय पटलं तर यांचा क्रम. आपल्याकडे लेंटमधल्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या) बहुतेक रिट्रीटचा क्रम ठरलेला असतो, पहिल्या टॉकला पाप, दुसऱ्याला नरक, मग कन्फेशनची (फादरांसमोर पापं कबूल करायची) लाईन आणि शेवटच्या दिवशी जरा देवाचं प्रेम वगैरे. माणूस घाबरतो, रडतो, कन्फेशन करतो, आणि पुढच्या आठवड्यात परत तोच. इथे शुक्रवारी रात्री फादरांनी पहिलंच वचन घेतलं ते बायबलमधल्या योहानच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातलं. तिथे योहान म्हणतो की आपण आत्ताच देवाची मुलं आहोत, पुढे काय होणार ते अजून उघड झालेलं नाही, पण तो (येशू) प्रकट होईल तेव्हा आपण त्याच्यासारखे होऊ, कारण तो जसा आहे तसा आपल्याला दिसेल. आणि लगेच पुढचं वाक्य, ज्याची त्याच्यावर ही आशा आहे तो स्वतःला शुद्ध करतो. फादर बराच वेळ इथेच थांबले. शुद्ध झालात तर आशा मिळेल असं योहान लिहित नाही, आशा आधी हातात ठेवतो आणि मग शुद्धतेचं बोलतो.

त्यावर त्यांनी एकच उदाहरण दिलं. मुलगा बऱ्याच वर्षांनी गल्फमधून घरी येणार असला की आई काय करते, भिंतींना रंग लावते, माळा आवरते, अंगण सारवते. तिला कोणी धमकी दिलेली नसते. तो येणार हे पक्कं माहीत असतं म्हणून हात आपोआप चालतात. हॉलमध्ये अर्ध्या आयांची मुलं बाहेरदेशी आहेत त्यामुळे हे सगळ्यांना एका झटक्यात कळलं, माझ्या बाजूची काकी तर डोळे पुसायला लागली.

शनिवार सकाळचा टॉक हा माझ्या मते पूर्ण रिट्रीटचा कणा. चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथात, म्हणजे कॅटेकिझममध्ये, आशेविरुद्धची दोन पापं सांगितलीयत, परिच्छेद २०९१ आणि २०९२. एक निराशा आणि दुसरं गृहीत धरणं. निराशा म्हणजे देव मला वाचवू शकेल, मला क्षमा करेल, ही अपेक्षाच सोडून देणं. गृहीत धरणं म्हणजे एक तर मी माझ्याच ताकदीवर तरून जाईन असं मानणं, नाहीतर देव दयाळू आहे ना, तो करेलच माफ, मला बदलायची काय गरज असं मानणं. फादरांनी दाखवलं की ही दोन्ही पापं एकमेकांच्या उलट दिसतात पण माणसाला एकाच जागी बसवून ठेवतात. दारू सोडायचा प्रयत्न करून परत घसरलेला माणूस म्हणतो माझा स्वभावच असा, आता काय होणार. आणि दुसरा म्हणतो ईस्टरच्या आधी कन्फेशन करू की, तोपर्यंत चालू दे. दोघांनीही उद्या सकाळी वेगळं काही करायची शक्यता संपवलेली असते.

मग संत थॉमस अक्वायनस, मध्ययुगातला मोठा धर्मपंडित. मला वाटलं आता झोप येणार, पण नाही. अक्वायनस म्हणतो की आशा ज्या गोष्टीची असते ती चांगली असते, भविष्यातली असते, मिळवायला अवघड असते, आणि तरी शक्य असते. चारही पाहिजेत. सोपी असेल तर तिला कोणी आशा म्हणत नाही, अशक्य असेल तर ते नुसतं स्वप्न. पवित्र होणं अवघड आहे हे पहिल्यांदाच कोणीतरी उघडपणे कबूल केलं असं मला वाटलं, आणि त्याच दमात ते शक्य आहे हेही सांगितलं, कारण ती ताकद आपल्याकडून यायची नाहीये, देणारा दुसरा आहे. मी कितीतरी वर्षं रागाशी झगडतेय, घरात आणि ट्रेनमध्येसुद्धा, आणि हे ऐकताना मला खूप बळ आलं. ह्या एका टॉकसाठी १५०० रुपये मी पुन्हा भरेन.

दुपारी जोसेफिन बखिताची गोष्ट. बऱ्याच जणांना नाव नवीन होतं म्हणून थोडं लिहिते. जन्म साधारण १८६९, सुदानच्या दार्फूरमध्ये. नऊएक वर्षांची असताना गुलामांचा व्यापार करणाऱ्यांनी पळवली, सुदानच्या बाजारांत पाच वेळा विकली गेली. एका घरात तिला इतके फटके बसायचे की अंगावर १४४ वण आयुष्यभर राहिले. १८८२ मध्ये इटालियन कॉन्सुलकडे आली, तिथून पुढे इटलीत, आणि तिथे कनोसियन सिस्टरांकडे तिला येशूबद्दल कळलं. माहीम आणि अंधेरीच्या कनोसा शाळा ज्यांच्या आहेत त्याच ह्या सिस्टर. पोप बेनेडिक्ट सोळावे यांचं आशेवरचं परिपत्रक (पोपनी सगळ्या चर्चला लिहिलेलं पत्र) आहे, ३० नोव्हेंबर २००७ चं, त्याच्या अगदी सुरुवातीला त्यांनी बखितालाच उभं केलंय. तिथे ते म्हणतात की तोपर्यंत तिला माहीत असलेले मालक सगळे मारणारे, आणि आता कळलं की सगळ्या मालकांवरचा एक मालक आहे, तो चांगला आहे, तो तिला ओळखतो, त्याने स्वतः फटके खाल्लेत आणि आता तो पित्याच्या उजवीकडे तिची वाट पाहतोय. आधी तिची आशा एवढीच होती की पुढचा मालक जरा कमी क्रूर असावा. आता मोठी आशा आली.

सिस्टरने (हा टॉक सिस्टरने घेतला, आणि सगळ्यांत सुंदर घेतला) ह्यानंतर जे सांगितलं ते महत्त्वाचं आहे. १८८९ मध्ये तिला परत सुदानला न्यायची वेळ आली तेव्हा बखिताने जायला नकार दिला, कोर्टाने ती स्वतंत्र आहे असं सांगितलं, ९ जानेवारी १८९० ला तिचा बाप्तिस्मा झाला, १८९६ मध्ये ती स्वतः कनोसियन सिस्टर झाली. आणि मग पुढची अनेक वर्षं स्किओ नावाच्या गावात तिने केलं काय, तर स्वयंपाक, शिवणकाम, साक्रिस्तीची (चर्चमधल्या पूजेच्या सामानाच्या खोलीची) कामं, आणि कॉन्व्हेंटच्या दारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस. १९४७ मध्ये वारली, १ ऑक्टोबर २००० ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी संत जाहीर केलं. संत म्हणजे मोठमोठे चमत्कार असंच आपल्या डोक्यात बसलेलं असतं पण हिच्याकडे बघा, दार उघडणं आणि माणसाशी गोड बोलणं. ज्या बाईला कडू व्हायचा पूर्ण हक्क होता ती कडू झाली नाही कारण तिला पक्कं माहीत होतं की तिची वाट कोणीतरी बघतंय. सासरच्या एका जुन्या अपमानावरून मी कुणाशी बोलत नव्हते, नाव कशाला घेऊ, त्या रात्री मी त्यांना फोन केला. आणखी काय लिहू ह्या सेशनबद्दल.

शनिवार संध्याकाळचा ग्रुप डिस्कशनचा भाग मला सगळ्यात जमिनीवरचा वाटला. बायबलमधल्या लेवीय पुस्तकाचा १९ वा अध्याय प्रत्येकाच्या हातात दिला आणि मोठ्याने वाचायला लावला. तो सुरू होतो, मी पवित्र आहे म्हणून तुम्हीही पवित्र व्हा, आणि आपल्याला वाटतं आता प्रार्थना-उपवासाचं काहीतरी येणार. येतं काय तर आईबापाचा मान राखा, शेताची कापणी करताना कडेचं पीक गरिबांसाठी सोडा, मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःकडे ठेवू नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका, लोकांच्या चुगल्या करत फिरू नका, आणि शेवटाकडे, तराजू खरा आणि वजनं खरी ठेवा. येशूचा शिष्य पेत्र, त्याने आपल्या पहिल्या पत्रात हेच पवित्र व्हा वालं वाक्य उचललंय, पण त्याच्या आधी तो सांगतो की येशू प्रकट होईल तेव्हा मिळणाऱ्या कृपेवर पूर्ण आशा ठेवा. म्हणजे परत तोच क्रम, आशा पुढे आणि तराजू मागे.

आमच्या ग्रुपमध्ये भाजी विकणारी एक मावशी होत्या, पहाटेच्या लोकलने मुंबईत माल नेतात. त्या म्हणाल्या, “फादर, गिऱ्हाईकच भाव पाडून मागतं, मग वजनात भरून काढावं लागतं, नाहीतर घरी काय नेऊ?” फादर म्हणाले, “मावशी, तुमची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण भाव स्पष्ट सांगा, वजन पूर्ण द्या, आणि बघा काय होतं.” त्यांनी त्याहून जास्त उपदेश केला नाही हे मला आवडलं. एका बांधकामवाल्या भाऊंनी विचारलं की बिल्डरने पैसे अडवले तर मी मजुरांना कुठून देऊ, त्यावर चांगली अर्धा तास चर्चा झाली, लोकांनी आपापले अनुभव सांगितले, उत्तर एकच असं निघालं नाही, पण त्या भाऊंनी शेवटी सांगितलं की निदान मजुरांपासून लपवाछपवी करणार नाही, काय अडकलंय ते त्यांना सांगेन. वसईत जमिनीचे व्यवहार, भावकीच्या केसेस, लग्नातली दारू, ह्या सगळ्यावर बोलणं झालं आणि ते पवित्रतेच्या विषयात बसलं, बाहेरून चिकटवल्यासारखं वाटलं नाही.

थेस्सलनीका ह्या जुन्या ग्रीक शहरातल्या ख्रिस्ती लोकांवरचा एक छोटा भाग होता तो पटकन सांगते. येशू लवकर येणार म्हणून तिथल्या काहींनी कामधंदा सोडला होता, आणि प्रेषित पौल त्यांना बायबलमधल्या दोन पत्रांत लिहितो की शांतपणे आपापलं काम करा, हाताने मेहनत करा, काम करायची तयारी नसेल त्याने खाऊही नये. ज्यांना वाटतं की स्वर्गाची आशा माणसाला आळशी करते त्यांनी ही दोन पत्रं वाचावीत.

कन्फेशन रविवारी सकाळी, आराधनेच्या वेळेत. चार फादर बसले होते आणि कुणालाही घाई नव्हती. माझ्या पुढच्या तरुण मुलाला कन्फेशन करून कितीतरी वर्षं झाली होती, तो घाबरत आत गेला, बाहेर आला तर चेहराच वेगळा. लोक सेंटरमध्ये शोधत येतात ते हेच असावं.

त्याच्या आधीचा शेवटचा टॉक न्यायाच्या दिवसावर होता, आणि ह्याबद्दल मला मुद्दाम लिहायचंय कारण इथेच बऱ्याच ठिकाणी गाडी परत भीतीवर जाते. बेनेडिक्ट यांच्या त्याच परिपत्रकात न्यायाला आशेची शाळा म्हटलंय. का, तर न्याय होणार नसेल तर ज्याच्यावर अन्याय झाला आणि जो मेला त्याला कधीच काही मिळणार नाही. देवाची कृपा ओल्या फडक्याने पाटी पुसावी तशी सगळं सरसकट पुसून टाकत नाही, चूक ती चूकच राहते, छळणारा आणि छळलेला शेवटच्या मेजवानीत काहीच घडलं नाही असे शेजारी शेजारी बसत नाहीत. आणि हे समजलं की रोजच्या वागण्याला वजन येतं. मी आज घरकामाच्या बाईला काय बोलले, ऑफिसात कुणाचं श्रेय लाटलं, ह्याचा हिशोब कुठेतरी आहे, आणि हिशोब घेणारा तोच आहे जो माझ्यासाठी मेला. श्रद्धांगिकारात (मिस्सातल्या विश्वासाच्या कबुलीत) दर रविवारी आपण म्हणतो की तो जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला येईल, ते आता मी जरा सावकाश म्हणते.

आता जे कमी पडलं ते. शनिवारी रात्रीचा स्तुती-आराधनेचा कार्यक्रम आवाजाने अति झाला, स्पीकर एवढे मोठे की प्रार्थना मनात टिकेना, म्हातारी माणसं उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन बसली. दिवसभर इतकं खोल ऐकल्यावर शांतता हवी होती, निदान अर्धा तास. टीमला मी हे तोंडावर सांगितलंय, त्यांनी ऐकूनही घेतलं.

आमची रिट्रीट झाली त्या जागी झोपायची सोय डॉर्मिटरीची, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी बुकिंग करतानाच तळमजल्यावरची खोली मागा, दोनच आहेत. बाथरूम स्वच्छ, पाणी चोवीस तास. जेवण साधं आणि चांगलं, शुक्रवारी मांस नव्हतं, डाळ-भात, भाजी आणि सुकटीची चटणी, रविवारी फुगे (तळलेले गोल पाव) आणि चिकन. चहा मात्र गोड फार.

अजून एक, आणि ही तक्रार मनापासून. आपल्याच मातीतला संत गोन्सालो गार्सिया, त्याचा उल्लेख फक्त दोन वाक्यांत आटोपला. वसईत जन्मलेला माणूस, जपानला गेला, व्यापारात चांगलं नाव कमावलं, आणि ते सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन ब्रदर झाला, भाषा येत होती म्हणून दुभाषा होऊन परत जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये संत जाहीर झाला. आशेमुळे माणूस काय सोडू शकतो आणि कशाला सामोरा जाऊ शकतो हे सांगायला आपल्याला सुदानपर्यंत जायची गरज नव्हती, म्हणजे बखिता हवीच, पण गोन्सालोला एक पूर्ण टॉक द्या. तो व्यापारी होता हे तर तराजूच्या चर्चेत किती कामाला आलं असतं. हॉलमध्ये ज्युबिलीचा लोगो लावला होता, चार माणसं एकमेकांना धरून आणि क्रुसाचं खालचं टोक नांगर झालेलं, त्याबद्दलही कोणी काही बोललं नाही. वसईच्या पाचूबंदरचे कोळी बांधव समोर बसलेले असताना नांगरावर दोन मिनिटं बोलायला हवं होतं, बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात आशेला आत्म्याचा नांगर म्हटलंय आणि हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार.

तरुणांसाठी वेगळा ग्रुप हवा. विशीतली पोरं पन्नाशीतल्या काका-काकींसमोर मोबाईल, पॉर्न, प्रेमप्रकरणं ह्यावर तोंड उघडत नाहीत, आणि व्यक्तिगत शुद्धतेचा खरा झगडा त्यांचा तिथेच आहे. फादरांनी विषय काढला, थोडक्यात आणि आदराने बोलले, कुणाला लाज वाटेल असं काही नाही, पण त्या मुलांना प्रश्न विचारायला जागा मिळाली नाही.

पाचपैकी साडेचार. अर्धा स्पीकरसाठी आणि गोन्सालोसाठी कापला.

कोणी जावं: ज्यांना वाटतं मी तर असाच आहे, आता बदलायचं वय गेलं, त्यांनी आधी. नवराबायको दोघं जाणार असाल तर वेगवेगळ्या ग्रुपमध्ये बसा, मोकळं बोलता येतं. नुकतंच घरात कोणी गेलं असेल तर टीमला आधी सांगा, एक सिस्टर वेगळा वेळ देतात, माझ्यासोबतच्या एका ताईंना त्याचा फार आधार झाला.

बायबल स्वतःचं न्या, तिथल्या प्रती कमी पडतात. वही-पेन न्या. मोबाईल शुक्रवारी रात्री जमा करतात, शनिवारी रात्री जेवणानंतर अर्धा तास परत देतात, घरी तसं सांगून ठेवा. लहान मुलांची सोय नाही, बारा वर्षांखालच्यांना घेत नाहीत. लेंटमधल्या तारखा लगेच भरतात त्यामुळे मी म्हणेन पावसाळ्यातली घ्या, गर्दी कमी असते आणि फादरांशी निवांत बोलायला मिळतं. पैसे तिथेच रोख द्यायचे, जीपे चालत नाही, आणि ज्यांना परवडत नाही त्यांनी ऑफिसात हळूच सांगितलं तर कमी करतात.